कार्डाच्या मागचा पत्ता

"म्हणजे आपण घर कधी बदलायचं हे आता अरुणाताईंनी ठरवायचं?"

"अरुणाताईंना मध्ये आणू नकोस. मी फक्त एप्रिल म्हणतोय. मार्चच्या शेवटी स्पर्धा झाली की एप्रिलमध्ये सामान हलवू. चार महिन्यांनी काय आभाळ कोसळणार आहे?"

"कोहबाई फेब्रुवारीत पर्थला लेकीकडे चालल्यात. तिकीट काढून बसल्यात त्या. त्यांनी एप्रिलपर्यंत काय घर डोक्यावर घेऊन फिरायचं?"

"विचारून तर बघ."

"विचारलं. दोनदा विचारलं, दोनदा नाही म्हणाल्या. दुसऱ्यांदा तर मलाच लाज वाटली. कारण काय सांगू त्यांना? की आमच्या मिस्टरांना ढोलकी वाजवायचीय?"

निशिकांत मांडीवरच्या ढोलकीच्या कड्या सरकवत होता. त्याने हात थांबवला नाही. "ढोलकी काय, मी कुठेही वाजवीन. प्रश्न तुझा आहे. तू गेलीस की पश्चिम विभागाचं भारूड गेलं. भारूड गेलं की ढाल गेली."

"जाऊ दे."

"हे तू बोलतेस?"

"मीच बोलतेय. रोज पहाटे उठून चार डबे भरून सव्वासातची गाडी पकडतेय तीही मीच."

डायनिंग टेबलाशी बसलेल्या रुचिरने गणितातून डोकं वर काढलं आणि शाळेतल्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाला, "आय्या, जस्ट टेल देम वी आर मूव्हिंग लाह. सो सिंपल."

"तू अभ्यास कर," दोघं एकदमच म्हणाले. त्या संध्याकाळी नवराबायकोचं एकमत झालं ते तेवढ्यापुरतंच.

चोआ चू कांगच्या त्या सातव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये २००६च्या डिसेंबरात चाललेलं हे भांडण शेजारच्या चिनी कुटुंबाला कुणी भाषांतर करून सांगितलं असतं, तरी त्यांचा विश्वास बसला नसता. घर घेण्यावरून भांडणं सगळीकडे होतात. पण घर घ्यायचं ठरलंय, पसंत आहे, दोघांच्या पगारात बसतंय, आणि तरी ते घेता येत नाही, कारण ते पूर्व विभागात येतं, ही अडचण सिंगापूरच्या मराठी माणसांशिवाय कुणाला आली नसती.

तिथल्या मराठी मंडळाने सगळ्या बेटाचे पाच विभाग पाडले होते. दर मार्चच्या शेवटच्या रविवारी या पाचांची स्पर्धा व्हायची. समूहगीत, एकपात्री, मुलांचं पाठांतर, प्रश्नमंजुषा, मंगळागौरीचे खेळ आणि सगळ्यात शेवटी भारूड. सगळे गुण मिळवून ज्याचे जास्त, त्याला वर्षभर फिरती ढाल. सुरुवातीला हे गमतीने चाललं होतं. मग एका वर्षी कुणीतरी चांगली गाणारी बाई दोन विभागांतून उभी केली, आणि नियम आला. स्पर्धेच्या दिवशी ओळखपत्राच्या मागे जो पत्ता छापलेला असेल, त्याच विभागातून उतरायचं. सभागृहाच्या दारात टेबल टाकून दोघं जण कार्डं उलटी करून बघायचे. २००३ साली उत्तर विभागाने ढाल जिंकली आणि आठवड्याने कळलं, की त्यांच्यातल्या एकीने महिन्यापूर्वीच घर बदललं होतं आणि कार्डामागे नव्या पत्त्याचा सरकारी कागद चिकटवलेला होता. कार्ड तपासताना तिने त्यावर अंगठा ठेवला होता. ढाल टॅक्सीत घालून परत न्यावी लागली. टॅक्सीचालकाने विचारलं, कुणाचं बक्षीस? तर उत्तर विभागाचे प्रमुख म्हणाले, चुकून आमच्याकडे आलं होतं. ही गोष्ट पश्चिम विभागात अजून दर कोजागिरीला सांगितली जायची.

पश्चिम विभागाकडे ती ढाल गेली तीन वर्षं होती आणि तीनही वर्षी ती भारुडाने आणली होती. भारूड म्हणजे संजीवनी.

संजीवनी मूळची कराडची. आई प्राथमिक शाळेत शिक्षिका होती आणि संमेलनाची गाणी स्वतः रचायची. पोळ्या लाटता लाटता रचायची आणि पोळपाटावर लाटण्याने ठेका धरून मुलीकडून म्हणून घ्यायची. संजीवनी बी.कॉम. झाली, सहकारी बँकेत लागली, आणि सत्ताविसाव्या वर्षी लग्न होऊन पुण्याला गेली. सासरी गाणं होतं, पण ते तंबोऱ्यावरचं. नणंद शिकलेली. लग्नानंतरच्या पहिल्या गणपतीत संजीवनीने आरती म्हटली, तेव्हा नणंदेने हसून म्हटलं, "वहिनी, आवाज अगदी मोकळा आहे हं तुमचा. मंडईत ऐकू जाईल." त्यानंतर सहा वर्षं तिने घरात आवाज काढला नाही. निशिकांतला सिंगापूरला बँकेत नोकरी लागली आणि ती पाच वर्षांच्या रुचिरला आणि पोटातल्या क्षिप्राला घेऊन इथे आली. नवऱ्याच्या पासवर आलेली बायको. तिला नोकरी करता येत नव्हती आणि दुपारी खाली उतरलं तर बोलायला कुणी नव्हतं.

अरुणाताई भेटल्या त्या खालच्या भाजीच्या दुकानात. कोथिंबिरीच्या जुडीवरून. पश्चिम विभागाच्या प्रमुख, साठीच्या, ठसठशीत, शिक्षा सुनावावी तसं बोलणाऱ्या. "पश्चिमेला राहतेस ना? मग शनिवारी चारला ये. कोरसला बायका कमी पडतात." ती गेली. मागच्या रांगेत उभी राहून टाळ्या वाजवू लागली. त्या मार्चमध्ये ऐन भारुडाच्या वेळी सभागृहाचा माइक बंद पडला. पुढे उभी होती तिचा आवाज चौथ्या रांगेपुढे जाईना. मागून संजीवनीने ओळ उचलली. मंडईत ऐकू जाणारा आवाज सभागृहाच्या शेवटच्या खुर्चीपर्यंत गेला. दुसऱ्या वर्षी तिला पुढे उभं केलं. तिसऱ्या वर्षी ती स्वतः रचायला लागली.

रचायची ती इथलंच. एका वर्षी रांगेवरचं भारूड केलं: समोर रांग दिसली म्हणून उभी राहिलेली बाई, कशाची रांग आहे ते शेवटपर्यंत विचारत नाही, आणि तिचा नंबर येतो तेव्हा खिडकी बंद होते. परीक्षक रडेपर्यंत हसले होते. यंदाचं होतं लिफ्टचं. त्यांच्या जुन्या इमारतीत लिफ्ट फक्त पहिल्या, पाचव्या आणि नवव्या मजल्यावर थांबायची. सातव्यावर राहणाऱ्याने पाचव्यावरून चढायचं किंवा नवव्यावरून उतरायचं.

पहिल्याला थांबली, पाचव्याला थांबली,
नवव्याला थांबली गं बाई,
मधल्या माझ्या मजल्याला दार कुणी ठेवलंच नाही!

यातलं बरंचसं तिने गाडीत रचलं होतं. कायम वास्तव्याचा परवाना मिळाल्यावर, २००२पासून, ती पाया लेबारला जहाजांचे सुटे भाग विकणाऱ्या एका कंपनीत अकाउंट्समध्ये होती. चोआ चू कांगहून जुराँग ईस्ट, तिथे बदलून मग सोळा स्टेशनं. दारापासून दारापर्यंत एक तास वीस मिनिटं, आणि संध्याकाळी पुन्हा तेवढंच. ऑफिसात तिला सगळे 'सॅन' म्हणायचे. चार वर्षांत तिथे कुणी तिचा आवाज दोन टेबलांपलीकडे ऐकला नव्हता.

गेल्या वर्षापासून गुडघा दुखायला लागला. डॉक्टर म्हणाले, जिने कमी करा. ती म्हणाली, करते. शिवाय घर दोन खोल्यांचं. एका खोलीत रुचिर आणि क्षिप्रा, मध्ये पडदा. रुचिर पंधराचा, क्षिप्रा आता नऊ पूर्ण. पडद्यावरून रोज युद्ध. आणि दर शनिवारी सोफा उभा करून भिंतीला लावायचा, हॉलमध्ये बारा बायका, ढोलकी, चहाचे बारा कप; मुलांनी खाली वाचनालयात जायचं.

कोहबाईंचं घर युनोसला होतं, पाया लेबारच्या पुढच्याच स्टेशनाजवळ. तीन खोल्या. लिफ्ट दारासमोर थांबत होती. संजीवनी तिथून ऑफिसला चालत गेली असती. क्षिप्राने आपली खोली ठरवूनही टाकली होती. रंगाच्या दुकानातून एक पट्टी आणून कपाटावर चिकटवली होती आणि त्यातल्या फिक्या हिरव्यावर टिक केली होती. कोहबाईंनी सह्यांसाठी सोमवारपर्यंतची मुदत दिली होती. सोमवारी पाचनंतर दुसऱ्या गिऱ्हाइकाला.

आणि निशिकांत एप्रिल म्हणत होता.

बुधवारी संध्याकाळी अरुणाताई आल्या. सोबत सुचित्रा होती. ती कोरसमध्ये डावीकडून तिसरी उभी राहायची आणि बोलताना मात्र सगळ्यांच्या पुढे असायची. अरुणाताईंनी डबा आणला होता. उघडला तर ओल्या नारळाच्या करंज्या. संजीवनीने ओळखलं, प्रकरण गंभीर आहे.

"आम्ही काही आडकाठी करायला नाही आलो," अरुणाताई म्हणाल्या. "घर घ्या. खुशाल घ्या. मोठं घ्या."

"पूर्वेला समुद्र आहे बाई," सुचित्रा म्हणाली. "आमच्याकडे काय, स्मशानं आणि लष्कराचा सराव."

"सुचित्रा, गप. संजीवनी, माझ्या डोक्यात एक आहे. तुम्ही राहायला जा तिकडे. पण तुझा एकटीचा पत्ता माझ्याकडे ठेव. माझी मागची खोली रिकामीच आहे. म्हणजे तू माझी भाडेकरू. कागदोपत्री."

"अरुणाताई, पत्ता बदलला की कळवावा लागतो. कायदा आहे तो."

"कायद्याला मी कुठे नाही म्हणते? तू शनिवार-रविवार यायचंस झोपायला. मग खरंच राहतेस की नाही?"

"नवरा तिकडे, बायको इकडे," सुचित्राला हसू आवरेना. "निशिकांतराव, तुम्हाला चालेल का हो?"

निशिकांत करंजी खात होता. त्याने ती संपवली, बोटं पुसली आणि म्हणाला, "तसं वाईट नाही ते."

संजीवनीने नवऱ्याकडे पाहिलं. तो थट्टा करत नव्हता. बँकेत शंभर लोकांचे कागद तपासणारा माणूस, सहीचं एक वळण चुकलं तर चेक परत पाठवणारा, आणि तो बायकोचा पत्ता दुसऱ्याच्या मागच्या खोलीत ठेवायला तयार होता. तिला वाटलं, आपण या माणसाशी लग्न केलं की पश्चिम विभागाशी?

"मी अकाउंटंट आहे," ती म्हणाली. "खोटा पत्ता लिहिणार नाही. तुमच्याकडे दुसरं कुणी तयार करा."

"कुणाला?" अरुणाताईंनी विचारलं. "सांग ना, कुणाला? ही सुचित्रा? हिला सूर लागतो तेव्हा ताल सुटतो."

"आणि ताल लागतो तेव्हा मी सुटते," सुचित्रा म्हणाली.

जाताना अरुणाताई दारात थांबल्या. सातव्यावरून पाचव्यावर उतरण्याआधी त्या नेहमी जिन्याच्या कठड्याला धरून एकदा खाली बघायच्या. "नऊ वर्षं झाली गं," त्या म्हणाल्या. एवढंच. संजीवनीने दार लावलं आणि उरलेल्या करंज्या फ्रिजमध्ये ठेवल्या. तिला त्या बाईचा राग यायला हवा होता. आला तो स्वतःचा, 'कुणाला?' हा प्रश्न ऐकून आपल्याला बरं वाटलं होतं म्हणून.

पाया लेबारला दुपारी फूडकोर्टमध्ये तिला कधीमधी स्नेहल भेटायची. शेजारच्या इमारतीत कामाला, राहायला ईस्ट कोस्टला, पूर्व विभागाची चिटणीस. गुरुवारी भेटली तेव्हा तिला सगळं माहीत होतं. या गोष्टी विभाग ओलांडायला एक दिवस पुरत असे.

"अगं, आमच्याकडे येतेयस ना! शनिवारी सकाळी ये तालमीला, ओळख होईल सगळ्यांशी. घाबरू नकोस, कार्ड बघणार नाही."

संजीवनीने घरी सांगितलं, शनिवारी ऑफिसात थोडं काम आहे, चारपर्यंत येते. लग्नानंतर इतक्या वर्षांत ती नवऱ्याशी असं खोटं बोलली नव्हती. दुसऱ्या बाईच्या नवऱ्याला भेटायला चाललोय अशा अपराधाने ती गाडीत बसली आणि सतरा स्टेशनं बाहेर बघत राहिली.

पूर्व विभागाची तालीम एका काँडोच्या, म्हणजे खासगी सोसायटीच्या, खालच्या हॉलमध्ये होती. गार हवा, आरसे, ऑफिसातल्यासारख्या चाकांच्या खुर्च्या. दोन माइक, आणि दोन्ही चालू. कुणाच्या घरचा सोफा उभा करायला लागत नव्हता. तबला होता, पेटी होती, आणि पेटीवर निशिगंधा नावाची बाई होती. सतरा वर्षं गाणं शिकलेली. तिने संजीवनीचे दोन्ही हात धरले. "तुमचं ते रांगेचं भारूड! आम्ही हरलो त्या दिवशी, पण काय हसलो! बसा, बसा."

सगळ्याच चांगल्या होत्या. कुणी खोचक बोललं नाही. तिला लिंबूसरबत दिलं. मग निशिगंधाने जरा संकोचून सांगितलं, की पूर्व विभागाने यंदापासून भारूड सोडायचं ठरवलंय. "त्यात आपले गुण जातातच, तुमच्यामुळेच जातात खरं तर. त्यापेक्षा समूहगीतावर जोर द्यायचा. तुम्ही तिथे उभ्या राहाल ना? आपल्याला खालच्या पट्टीला बायका कमी आहेत."

"मी येईन तेव्हा भारूड ठेवायचं का मग?" संजीवनीने विचारलं. आपण विचारतोय हे तिला विचारल्यावर कळलं.

"बघू ना. पुढच्या वर्षी बघू. आधी सगळ्यांशी आवाज जुळू दे."

तिला दुसऱ्या रांगेत उभं केलं, उजवीकडून चौथी. गाणं सुरू झालं. दुसऱ्या कडव्याला निशिगंधाने पेटीवरून हात न काढता तिच्याकडे बघून, अगदी प्रेमाने, तळहात खाली केला. हळू. संजीवनीने आवाज कमी केला. पुढच्या ओळीला पुन्हा तळहात खाली आला. तिने आणखी कमी केला. शेवटच्या कडव्याला ती फक्त ओठ हलवत होती, आणि निशिगंधा समाधानाने मान डोलवत होती.

परत येताना गाडीत तिने स्वतःची समजूत घातली. हे होणारच. नवीन जागा आहे. गुडघा महत्त्वाचा की भारूड? मुलीला खोली हवी की आईला टाळ्या? उत्तरं सोपी होती. कुठल्याही शहाण्या बाईने ती एका मिनिटात दिली असती. आणि अरुणाताई सोडणार नव्हत्याच. तिथे आपल्यावाचून सगळं अडलेलं आहे, तेव्हा या मार्चपुरता काहीतरी मार्ग काढावा लागेल, जून-जुलैत दुसरं घर बघता येईल, असाही एक विचार तिच्या मनात आला. तो विचार निशिकांतचा होता. तिने तो झटकून टाकला. जुराँग ईस्टला तो परत आला.

लिफ्टने पाचव्यापर्यंत आली आणि कठड्याला धरून चढू लागली. दोन मजले खालूनच ढोलकी ऐकू येत होती. साडेचार वाजून गेले होते. बायका जमल्या असणार आणि तिच्यासाठी थांबल्या असणार. मग आवाज आला. पहिल्याला थांबली, पाचव्याला थांबली. ती सहाव्याच्या वळणावर उभी राहिली. आवाज तरुण होता, मोकळा होता, ढोलकीच्या वर सहज चढत होता. तिच्या ओळी होत्या. आवाज तिचा नव्हता.

दार उघडंच होतं. दारात बायकांच्या चपलांचा ढीग. तिने आत पाहिलं. सोफा भिंतीला उभा होता. बायका अर्धगोलात, आणि मध्ये पंचवीस-सव्वीसची एक मुलगी, जीन्सवर ओढणी खोचलेली. नवव्याला थांबली गं बाई म्हणताना तिच्या दोन्ही हातांत सामानाच्या काल्पनिक पिशव्या होत्या. तिने कोपराने लिफ्टचं बटण दाबलं, दार उघडेना, मग हनुवटीने दाबलं, मग कमरेने. बायका खो खो हसल्या. संजीवनीही हसली. हसून झाल्यावर तिच्या ध्यानात आलं, या ओळीला आजवर कुणी हसलं नव्हतं. ती नुसती उभी राहून म्हणायची.

"आलीस!" अरुणाताई उठल्याच. "ही अनुया. आमच्या मागच्याच ब्लॉकमध्ये आलेत राहायला, नोव्हेंबरात. निशिकांतलाच खाली भाजीच्या दुकानात भेटली. म्हटलं, कार्ड दाखव आधी! पत्ता पक्का आहे हो. कॉलेजात एकांकिका करायची म्हणे. दोन दिवसांत सगळं पाठ केलंन बघ."

अनुयाने वाकून नमस्कार केला. "काकू, काय लिहिलंय तुम्ही! मी दोन दिवस हेच गुणगुणतेय. ते कोपराचं चालेल ना? मी आपलं सुचलं म्हणून केलं."

"चालेल की," संजीवनी म्हणाली. "छानच आहे."

"काकू" या शब्दाने सुचित्राला चेव आला. "संजीवनीकाकू, आता बसा खुर्चीत. चहा आम्ही करतो."

खरंच त्यांनी तिला खुर्चीत बसवलं. तिच्याच घरात तिला चहा आणून दिला. निशिकांत ढोलकीवरून तिच्याकडे बघून हसला. इतक्या दिवसांत त्याचा चेहरा असा मोकळा दिसला नव्हता. पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं. संजीवनीने पूर्ण ऐकलं. शोधायचं म्हणून चूक शोधली. श्वास एका ठिकाणी तुटत होता, तो आठवड्यात सुधारला असता. बाकी काही नव्हतं. पहिला नंबर येणार हे तिला कळत होतं. नऊ वर्षांत तेवढं कळायला लागलं होतं.

सहाला बायका गेल्या. अरुणाताईंनी जाताना तिला जवळ घेतलं. "सुखाने जा गं. आता आमच्याकडून काही अडचण नाही. मी उगाच तुला बांधून ठेवलं होतं." त्यांच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं. मग त्यांनी जिन्यातून अनुयाला हाक मारली, "थांब, माझ्याबरोबर चल, साडीचं बोलायचंय."

निशिकांतने सोफा खाली घेतला. टेबलावरचं पाकीट काढून तिच्यासमोर ठेवलं. कोहबाईंचे कागद. त्याने सगळीकडे सह्या केल्या होत्या. जिथे तिच्या हव्या होत्या, तिथे पेन्सिलीने फुल्या केलेल्या होत्या, बँकेत करतात तशा.

"घे," तो म्हणाला. "मी चुकलो. तुझं बरोबर होतं. इतके दिवस तू एवढं लांब जातेस, गुडघा दुखतो, मला दिसत नव्हतं असं नाही. मी तो कार्यक्रम घेऊन बसलो. आता काही प्रश्नच उरला नाही. सोमवारी लंचला जाऊन देऊन ये."

"आणि तुमची ढोलकी?"

"मी पूर्वेकडून वाजवीन. त्यांच्याकडे ढोलकी नाहीच म्हणतात. नाहीतर सोडून देईन. काय एवढं?"

इतकं सहज. ती कागदांकडे बघत राहिली. भांडायला समोर कुणी उरलं नव्हतं. नवरा चांगला वागत होता, अरुणाताई चांगल्या वागल्या होत्या, निशिगंधा चांगली वागली होती. सगळ्यांनी दारं उघडी करून दिली होती आणि बाजूला उभे राहिले होते. क्षिप्रा वाचनालयातून आली, कागद बघून थबकली. "साइन करणार? टुडे?" तिने विचारलं, आणि आईच्या खांद्याला लटकली. "आई, ग्रीन नको, आय चेंज्ड माय माइंड. येलो."

"आधी जेवून घेऊ," संजीवनी म्हणाली.

तिने कुकर लावला. दुधी चिरला. भाजी फोडणीला टाकली. निशिकांत ताटं घेत होता आणि शीळ घालत होता, लिफ्टचंच. त्याने कोपराने फ्रिज उघडायची नक्कल करून मुलांना दाखवली. रुचिर हसला. "दॅट न्यू ऑन्टी, शी व्हेरी फनी लाह. बेटर दॅन लास्ट इयर." मग आईकडे बघून म्हणाला, "आय मीन, ऑल्सो गुड."

चौघं जेवायला बसली. निशिकांत सांगत होता, कोणतं कपाट न्यायचं, कोणतं टाकायचं. क्षिप्रा बोटाने पाण्याने टेबलावर आपल्या खोलीचा नकाशा काढत होती. संजीवनीने सगळ्यांना भात वाढला, वरण वाढलं. स्वतःच्या ताटात वाढून घेतलं. पहिला घास घेतला, चावून गिळला. मग मीठ क्षिप्राकडे सरकवलं आणि सांगितलं:

"ते घर घ्यायचं नाहीये. सोमवारी मी कोहबाईंना फोन करून नाही म्हणून कळवते. आपण इथेच राहणार आहोत. आणि अरुणाताईंना निरोप द्या, पुढच्या शनिवारी अनुयाला कोरसमध्ये उभी करा म्हणावं."